आर्जियाचा दगडी पलंग

रोक्काफोस्का गावात आर्जियाला न भिणारा एकच प्राणी होता, तो म्हणजे तिचं डुक्कर. तेही डिसेंबरात कापायची वेळ येईपर्यंतच.

बाकी सगळं गाव तिला टरकून. पाद्रीबाबा तिच्या दारावरून जाताना झगा वर धरून चवड्यांवर चालायचे, कारण एकदा भर चौकात तिनं त्यांना विचारलं होतं, "बाबा, घंटा नवी आनली, पर प्रवचन गेल्या वर्सीचंच की वो?" पोस्टमनला तिचं पत्र तिला वाचून दाखवायला लागायचं, आणि मजकूर आवडला नाही की शिव्या पोस्टमनलाच बसायच्या. लिहिणारा लांब असायचा, हा हाताशी होता.

वय त्रेसष्ट. उंचीला वाइनच्या पिंपाएवढी, रुंदीलाही साधारण तेवढीच. जन्मली खाली बोल्सेनाच्या तळ्याकाठी, कोळ्याच्या घरात. वाम मासे सोलून सोलून हात असे तयार झालेले, की माणूस कितीही निसटता असला तरी तिच्या मुठीतून सुटायचा नाही. एकविसाव्या वर्षी नाझारेनोशी लग्न करून ती डोंगरावर आली. सासरी खोल्या दोन आणि माणसं अकरा. तेव्हा सासऱ्यानं नव्या जोडप्याला गावाबाहेरच्या भुयारात पाठवून दिलं.

भुयार मऊ तांबूस खडकात कोरलेलं. पुढच्या खणात डुक्कर, मागच्या खणात वाइनची पिंपं. मागच्या खणाचं छत घराच्या छपरासारखं दोन्हीकडं उतरतं, मधोमध दगडाचंच आढं. आणि दोन्ही बाजूंना खडकातच कोरलेले पलंग, खाली पोकळी, डोक्याशी दगडाची उशी. नाझारेनोनं एका पलंगावर गवत अंथरलं, वर मेंढीचं कातडं टाकलं आणि छाती काढून म्हणाला, "माझ्या पणज्यानं खोदलंय."

आर्जियानं उशीवरून हात फिरवला. या घराण्यातल्या कुणाला दाराची कडीसुद्धा धड बसवता येत नाही, हे तिनं दिवसभरात पाहिलेलं होतं. पण पहिल्याच दिवशी कुठं वाद घालायचा, म्हणून गप्प बसली. आयुष्यात ती तेवढीच एकदा गप्प बसली, असं गावात म्हणतात.

रोमच्याही आधीच्या एत्रुस्कन लोकांनी आपली मेलेली माणसं ठेवायला ही घरं कोरली, हे रोक्काफोस्काच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. पण बोलायचं नाही. गावच्या उतारावर अशी साठ भुयारं होती आणि साठच्या साठ कुणाच्या ना कुणाच्या पणज्यानं खोदलेली होती. एवढे पणजे खोदतच बसले असते तर द्राक्षं कुणी लावली असती, हे कुणी विचारत नसे.

आणि बोलायचं कशाला? त्या जुन्या लोकांना रोमवाल्यांनी गिळलं. रोमवाल्यांनाही पुढं कुणीतरी गिळलं. मग पोपचे कारकून आले, त्यांनी धान्याचा वाटा मागितला, तेव्हा धान्य पिंपांमागं गेलं. मग राजा आला, त्यानं लढाईला पोरं मागितली, तेव्हा पोरं पलंगाखाली गेली. काळे सदरेवाले फॅसिस्ट आले तेव्हा काय काय आत गेलं, ते अजून सगळं बाहेर आलेलं नाही. आणि जर्मन शिपाई आले तेव्हा खुद्द नाझारेनो तीन आठवडे त्या दगडी पलंगावर लोळत पडला होता. आर्जियानं दारातल्या डुकराच्या नाकाला चुना फासला आणि शिपायांना खुणा करून सांगितलं, की याला रोग आलाय, माणसालाही लागतो, आधी जीभ काळी पडते. शिपाई जिभा आत ठेवून उतरणीला लागले.

सांगायचं म्हणजे, राज्यं बदलली तरी भुयाराचं काम एकच राहिलं. सरकारला दिसू नये ते आत ठेवायचं.

नाझारेनो मेला तो १९५७ साली. सशाचं कालवण दोन ताटल्या खाऊन झोपला आणि उठलाच नाही. आर्जियाच्या मते मरण चांगलं, फक्त वेळ चुकली, कारण द्राक्षतोडणी दोन दिवसांवर आली होती. तिनं एका दिवशी त्याला मातीत घातलं, दुसऱ्या दिवशी सुऱ्या पाजळल्या आणि तिसऱ्या दिवशी मळ्यात उभी राहिली. भुयार तिच्याकडंच राहिलं. गावची रीतच तशी. जिच्या हातची वाइन आत मुरते तिचं भुयार. वाइन करणं थांबलं की हक्क संपला.

हे तिच्या दिराला, सेत्तीमियोला, सोसवत नव्हतं. त्याचं भुयार हिच्या शेजारीच, पण ओलसर. त्याच्या वाइनचं दर जूनमध्ये आंबून व्हिनेगर व्हायचं. आर्जिया भर चौकात सांगायची, "आमच्या भावजींची वाइन लई गुणाची. सॅलडवर दोन थेंब टाका, येगळा शिरका घ्याय नको."

चार वर्षं हे ऐकून घेतल्यावर सेत्तीमियोनं काय करावं? वितेर्बोला पत्र पाठवलं. जुन्या वस्तूंवर नजर ठेवणारं सरकारी खातं असतं तिकडं. रोक्काफोस्का गावी आर्जिया नावाची विधवा बाई प्राचीन थडग्यात डुक्कर पाळते, असं त्यात लिहिलं आणि खाली सही केली, 'एक देशभक्त'. पण पोस्टातल्या बाईनं पाकीट बघताच ओळखलं. गावात टपालाचं तिकीट उलटं चिकटवणारा एकच माणूस होता. राजा जाऊन पंधरा वर्षं झाली तरी सेत्तीमियो निषेध म्हणून तिकीट उलटं लावत असे.

वितेर्बोहून उत्तर आलं ते थेट आर्जियाला. येत्या ईस्टरआधीच्या बुधवारी अधिकारी येऊन जागेची पाहणी करतील. थडगं प्राचीन ठरल्यास जागा सरकारजमा होऊन तिला लोखंडी फाटक बसेल. पोस्टमननं हे वाचलं आणि सवयीनं दोन पावलं मागं सरला. पण आर्जिया त्याच्या अंगावर गेली नाही. सरळ दिराच्या दारात जाऊन उभी राहिली.

सेत्तीमियो अंगणात कांदे निवडत होता. त्याची बायको इजीना पायरीवर वाटाणे सोलत होती.

"भावजी," आर्जिया म्हणाली, "आपल्या दोनी भुयारांच्या मधल्या भित्तीला मांजरापुरतं भोक हाय, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की. का वं वैनी?"

"न्हाई, वितेर्बोचा मानूस यायचाय. माझ्या भुयारात शिरला की त्या भोकातनं मान घालंल. आनि पलीकडं त्याला तुमचं भुयार दिसंल. पलंग, उशी, आढं, समदं. त्याच्या पलीकडं येर्मेतेचं. त्याच्या पलीकडं पाद्रीबाबाचं."

सेत्तीमियोच्या हातातला कांदा खाली पडला. "पर मी फकस्त तुमचंच नाव लिवलं व्हतं."

"म्हंजी लिवलंत."

इजीनानं वाटाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं आणि नवऱ्याकडं असं पाहिलं, की त्यानं पडलेला कांदा उचलून त्याच्यामागं लपायचा प्रयत्न केला.

"आता रडू नगा," आर्जिया म्हणाली. "माझं भुयार गेलं तर मी हितं तुमच्या चुलीम्होरं येऊन ऱ्हानार. रोज. जेवाय बी हितंच. तवा उटा आनि माझ्यासंगं चला."

त्या धमकीनं तो जागच्या जागी उठला.

आर्जियानं वाटेतच डाव रचला होता. जुनी माणसं कशी असतात हे तिला पक्कं माहीत होतं. वितेर्बोच्या चौकात तिनं एक पुतळा पाहिला होता. पांढरी चादर गुंडाळून उभा, एक बोट वर, चेहऱ्यावर बद्धकोष्ठ. चर्चमधले संतही उभेच. म्हणजे जुनी माणसं उभी असतात आणि उपाशी असतात. तेव्हा मागच्या भिंतीवर असं काही चित्र काढायचं, की बघणारा म्हणेल, छे, हे कुठलं थडगं, ही तर खाणावळ. गडी लोळतोय, खातोय, बायको शेजारी लवंडलीय, खाली कुत्रं. असलं कुणी थडग्यात काढेल का?

"कुनीच न्हाई काढनार," सेत्तीमियो म्हणाला. त्यालाही ते पटलं.

भिंतीला चुना दिला. रंगांची अडचण नव्हती. दिव्याची काजळी होती, फुटक्या कौलांचा भुगा होता, आणि द्राक्षवेलींवर मारायचं मोरचूद होतं. काळा, तांबडा, निळा. आर्जियानं आयुष्यात बैलगाडीच्या चाकापलीकडं काही रंगवलेलं नव्हतं, पण हात थरथरत नव्हता. गड्याच्या ठिकाणी नाझारेनोला काढायचं ठरलं. चेहऱ्यापाशी आली आणि अडली. चार वर्षांत त्याचं नाक नेमकं कसं होतं तेच आठवेना. म्हणून दिराला पलंगावर आडवा केला.

"वैनी, लोक काय म्हनतील? तुमच्या शेजारी माझं नाक."

"नाक नाझारेनोचं हाय. तुमी फकस्त ते घालून हिंडताय. हलू नगा."

थोड्या वेळानं तो कण्हायला लागला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्याला गप्प करायला तिनं खिशातलं उकडलेलं अंडं त्याच्या हातात दिलं.

"खाऊ?"

"ईस्टरला. तवर उपास हाय."

मग तो डाव्या कोपरावर रेलून उजव्या हातातल्या अंड्याकडं बघत राहिला, कुत्रा पलंगाखालून त्याच अंड्याकडं बघत राहिला, आणि आर्जियानं जे दिसलं ते काढलं. शेजारी स्वतःला काढलं, दोघांवर मिळून एकच पांघरूण टाकलं. वर जागा उरली तिथं माहेरच्या तळ्यातली बदकं ओळीनं सोडली. चार पावलं मागं जाऊन पाहिलं आणि खूश झाली. तिच्या मते याच्याइतकं आजकालचं चित्र सगळ्या प्रांतात नसेल.

बुधवारी स्कूटरवरून अधिकारी आला. तेओदोरी नाव. वय तिशीच्या आतबाहेर, हडकुळा, गळ्यात मोजायची फीत, चष्म्यावर वाटेतली धूळ. तिकडं शिकलेल्या कुठल्याही माणसाला डॉक्टर म्हणतात, तसं यालाही म्हणत. आर्जियानं हे ऐकताच आधी आपला दुखरा गुडघा पुढं केला. आपण त्यातले नव्हे हे त्यानं समजावून सांगितलं, तेव्हा तिच्या लेखी त्याची किंमत जरा उतरली.

"हे भुयार कुणी खोदलं, मावशी?"

"मालकांच्या पणज्यानं."

"कोणत्या साली?"

"पोपच्या."

"कोणत्या पोपच्या?"

"जाड्या."

तेओदोरीनं ते लिहून घेतलं. डुकराला वळसा घालून तो आत गेला, कंदील वर धरला आणि थांबला. मागोमाग आर्जिया आणि सेत्तीमियोही शिरले. आर्जियानं दिराला कोपरखळी मारली. जिंकलो.

मग त्यानं भिंतीला बोट लावलं. बोट निळं झालं. त्यानं ते हुंगलं.

"हे तुम्ही काढलंत?"

"व्हय. गेल्या हप्त्यात," आर्जिया मान ताठ करून म्हणाली. "खानावळीचं चित्र हाय. जुनं काय बी न्हाई हितं."

तेओदोरी मटकन डुकराच्या रिकाम्या डोणीवर बसला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मावशी, खरं सांगा. हे पाहिलंत कुठं?"

"कुटं पाह्यचं? काढलं."

"डाव्या कोपरावर रेललेला पुरुष. त्याच्या उजव्या हातात अंडं. शेजारी त्याची बायको, एकाच पांघरुणात. हे दुसऱ्या कुठल्या जुन्या लोकांत नव्हतं. रोमवाल्यांना तर बघून लाज वाटायची. पलंगाखाली कुत्रं. वर पाणपक्षी. तांबडा, काळा, निळा." तो बोटांवर मोजत होता आणि प्रत्येक बोटाबरोबर सेत्तीमियो एकेक पाऊल दाराकडं सरकत होता. "एत्रुस्कन थडग्यांतल्या भिंतींवर मेजवान्या अगदी अशाच असतात. मी सात वर्षं हेच शिकलो. आणि तुम्ही तर म्हणता, कुठंच पाहिलं नाही. याचा अर्थ एकच. याच डोंगरात रंगवलेलं थडगं आहे, तुम्हाला ते माहीत आहे, आणि तुम्ही त्यावरून हे उतरवलंय."

आर्जियाला आयुष्यात दुसऱ्यांदा काही बोलता आलं नाही.

तेओदोरीनं मात्र पटापट ठरवलं. ईस्टर झाला की मंगळवारी भोकं पाडायचं यंत्र मागवायचं. उतारावर दर वीस पावलांवर एक भोक. सगळी भुयारं मोजायची, नोंदायची, रंगीत भिंत सापडेपर्यंत एकालाही सोडायचं नाही. तोवर तो गावच्या खाणावळीत मुक्काम करणार होता.

तासाभरात ही बातमी गावभर झाली. ज्या आर्जियाच्या दारावरून पाद्री चवड्यांवर जायचा त्याच दारापुढं आता माणसं टाचा आपटत आली.

"आक्का," इजीना म्हणाली, "मानसं संतांवानी हुबी काढाया काय झालं व्हतं? लोळवलीस कशाला?"

"हुबी काढाया भित्त उंच लागती. माझी बुटकी हाय."

"आनि अंडं?"

"ते तुझ्या नवऱ्याला भूक लागली म्हनून."

सगळं गाव सेत्तीमियोकडं वळलं. तो घाईघाईनं म्हणाला, "वैनी, मी आनखी एक पत्र लिवू? आधीचं खोटं व्हतं म्हनून?"

"भावजी, तुमी आता तिकीट चाटू बी नगा."

लोक गेल्यावर आर्जिया भुयारात जाऊन पलंगावर बसली आणि आपल्याच चित्राकडं बघत राहिली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. तिनं कुणाचं बघून काढलं नव्हतं. दर ईस्टरला घरची माणसं इथं बसत तसंच काढलं होतं. खोटं बोलायचं तेवढं सगळं बोलून झालं होतं. आता खरंच तेवढं उरलं होतं, आणि त्याची तिला सवय नव्हती. ती उठली, केस नीट केले आणि खाणावळीत गेली. तेओदोरी सूप पीत होता.

"सायेब, रविवारी न्याहारीला या," ती म्हणाली. "आमच्या भुयारात. माझं मूळ चित्र कुटं हाय ते दाखवते."

तेओदोरीच्या चमच्यातलं सूप टेबलावर सांडलं.

ईस्टरच्या सकाळी तो वही, फीत आणि नवी पेन्सिल घेऊन हजर झाला. डुक्कर त्या दिवशी बाहेर बांधलं होतं. आत पिंपाच्या झाकणावर सगळं मांडलेलं: पाद्रीबाबांनी मंतरलेली उकडलेली अंडी, चीज घालून भाजलेला उंच पाव, लसूण लावलेली डुकराच्या मानेची खारवण, आणि कोकराची काळीज-फुप्फुसं कांद्यावर परतलेली. गावात ईस्टरची न्याहारी ज्याच्या त्याच्या भुयारात होते, कारण वाइन तिथंच असते आणि घरापर्यंत नेताना कमी होते.

"कुठं आहे?" तेओदोरीनं कुजबुजत विचारलं.

"आदी बसा."

बसायला खुर्ची एकच होती, ती त्याला दिली. बाकीच्यांनी आपापल्या जागा घेतल्या. सेत्तीमियो एका पलंगावर चढला आणि सवयीनं लवंडला. इजीना त्याच्या पुढ्यात लवंडली. भुयारात एप्रिलमध्येही थंडी असते, तिनं आपली शाल ओढून दोघांच्या पायांवर टाकली. कुत्रा पलंगाखाली शिरला. सेत्तीमियोनं डावं कोपर दगडी उशीवर टेकलं आणि उजव्या हातानं अंडं उचललं.

तेओदोरीनं वही उघडली, आणि तशीच हातात राहिली.

"तुम्ही... असेच बसता?"

"मग कसं बसायचं?" सेत्तीमियो म्हणाला. "दगड हाय हा. ताठ बसलं तर डोस्कं छताला लागतं."

"पण डावं कोपर का?"

"उजव्या हातानं खातो म्हनून. तुमच्याकडं कोपरानं खात्यात काय?"

"आणि बायको शेजारी का?"

"शाल येकच हाय," इजीना म्हणाली. "आनि ह्याला नजरंआड बसू दिला तर समदी खारवण संपिवतोय."

"आणि कुत्रा?"

 अंड्याची टरफलं पडतात तिथं कुत्रा असणार, हेही ज्याला सांगावं लागतं त्याच्यासाठी काय बोलायचं? आर्जियानं फक्त सुरीनं बाहेर दाखवलं. दारातून खाली तळं दिसत होतं, आणि त्यावरची बदकं.

तेओदोरी अजूनही मानायला तयार नव्हता. सात वर्षं शिकलेला माणूस, इतक्या लवकर कसा मानेल? तो म्हणाला, "अंडं. अंड्याला फार खोल अर्थ आहे, मावशी. पुनर्जन्म. मृत्यूनंतरचं जीवन. त्यावर ग्रंथ लिहिलेत."

"असतील," आर्जिया म्हणाली. "चाळीस दिस उपास केल्याव पयलं अंडं खाऊन बघा, पुनर्जनम व्हतो का न्हाई ते कळंल. खुर्चीव बसून नगा खाऊ, घशात बसंल. हितं या."

तिनं दुसऱ्या पलंगावरची मेंढीची कातडी झटकली. तेओदोरी का कू करत उठला. आधी कडेला बसला, तर छत डोक्याला लागलं. मागं सरकला, तर पाय लोंबले. पाय वर घेतले, तर धड कलंडलं. इजीनानं त्याच्या हातात अंडं दिलं, आर्जियानं वाइनचा पेला पुढं केला. तो घ्यायला त्याला हात मोकळा सापडेना, तेव्हा त्यानं अंग एका बाजूला टेकलं. मग त्यानं स्वतःकडं पाहिलं. डावं कोपर दगडी उशीच्या खळग्यात बसलं होतं. तो खळगा कोपराच्याच आकाराचा होता.

समोरच्या भिंतीवर सेत्तीमियोच्या नाकाचा नाझारेनो अंडं धरून त्याच्याकडं बघत होता.

तेओदोरीनं हळूच विचारलं, "मीठ आहे का?"

त्यानं चार अंडी खाल्ली. कोकराची फुप्फुसं आधी नको म्हणाला, मग ताटली पावानं पुसून घेतली. दुसऱ्या पेल्यानंतर त्यानं सांगितलं, की मंगळवारी यंत्र येणार नाही. लपवलेलं थडगं नाहीच म्हटल्यावर ते शोधायचं कशाला. सेत्तीमियोनं बसल्या जागी छातीवर क्रूस काढला आणि हातातलं अंडं बायकोच्या डोळ्यात घातलं.

"पण मावशी," तेओदोरी म्हणाला, "ही उशी, हे छत. हे माझ्या डोळ्यांपुढं आहे. जाड्या पोपच्या काळातलं आहे असं मी लिहू शकत नाही. ही एक जागा मला नोंदावीच लागेल."

"येकच?"

"मी आडवा आहे. आडव्या माणसाला एकच छत दिसतं."

म्हणजे एकोणसाठ वाचली आणि एक गेलं. वाचलेल्यांत सेत्तीमियोचं होतं. आर्जियानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं घास चावायचं थांबवलं.  मळ्यात उभ्या उभ्या वेली छाटताना जसा एकेका डोळ्यावर विचार करायची, तसा ती विचार करत होती.

"फाटक बसनार?"

"बसणार."

"कुलूप?"

"कुलूपही."

"किल्ली कुनाकडं?"

"राखणदाराकडं. तशी आमच्याकडं माणसं नाहीत. जवळ राहणारं, जागेची माहिती असणारं, लोकांना धाकात ठेवू शकेल असं कुणीतरी..." बोलता बोलता तो थांबला. भुयारातली सगळी माणसं एकाच दिशेला बघत होती.

"लिहिता-वाचता येतं का, मावशी?"

"मला न्हाई. पर पोस्टमनला येतं."

त्यानं नाव लिहिलं. मग नियमाप्रमाणं आतल्या वस्तूंची यादी करायची होती, कारण यादीतली वस्तू खात्याच्या परवानगीशिवाय जागेवरून हलवता येत नाही. हे कळताच आर्जिया पलंगावरून खाली उतरली आणि कंदील घेऊन एकेक दाखवू लागली. पिंपं नऊ. गाळणं एक. लाकडी डोण एक. खारवलेल्या तंगड्या दोन, आढ्याला टांगलेल्या.

"आनि वाइन?"

"वाइन यादीत बसत नाही," तेओदोरी म्हणाला. विचार करून तिसरा पेला रिकामा केला. "ती वस्तू नव्हे. ती कमी-जास्त होत असते."

सेत्तीमियोनं तेवढ्यात घसा खाकरला. "सायेब, माझी बी दोन पिंपं हितं आनून ठेवतो, तेवडी लिवा की. जागा कोरडी हाय."

"त्याचा शिरका न्हाई लिवायचा," आर्जिया म्हणाली. "अडीच हजार वर्सं झाली, या जागंत कुनी आंबलं न्हाई."

जूनमध्ये फाटक बसलं. किल्ली तळहाताएवढी. आर्जिया ती कमरेला बांधून चौकातून फिरली, तेव्हा पाद्रीबाबांनी आपण होऊन नमस्कार केला. चित्र पुसून टाका असं खात्याकडून दोनदा पत्र आलं, दोन्ही वेळा पोस्टमननं बोलणी खाल्ली. शेवटी तेओदोरीनंच भिंतीशी एक पाटी लावली: चित्र अलीकडचं, १९६१. ती पाटी ज्या खिळ्यावर होती तो भुयारातला सगळ्यात कोरडा खिळा निघाला, म्हणून त्यावर एक तंगडी टांगावी लागली. आता पाटीतलं 'चित्र' एवढंच दिसतं.

अधूनमधून रोमहून कुणी बघायला येतात. आर्जिया कुलूप काढते, कंदील धरते आणि सांगते, हात लावू नका. रोमच्या एका शिक्षिकेनं चित्राकडं बघून विचारलं, की ही नवराबायको कोण? "आमचे शेजारी," असं सांगून आर्जियानं तिला पुढं घातलं.

आणि ऑक्टोबरात द्राक्षतोडणी होताच फाटकावर एक पुठ्ठा झळकला. अक्षर पोस्टमनचं, मजकूर आर्जियाचा: देखभालीसाठी तीन आठवडे बंद. त्या तीन आठवड्यांत देखभालीचा आंबटगोड वास उतारभर पसरला होता, आणि गावातल्या झाडून सगळ्या गांधीलमाश्या सरकारी फाटकाच्या गजांवर झिंगून बसल्या होत्या.